सहा सिलिंडरचं उट्टं

घरात तिला सगळे धाकटी म्हणायचे. केस पिकले, बस डेपोच्या इंजिन विभागात तिच्या हाताखाली सात माणसं आली, तिथं ती फिटरबाई झाली, तरी माहेरच्यांच्या तोंडी ती धाकटीच राहिली. धाकटी म्हणजे जिचं ऐकायचं नसतं, जिला समजवायचं असतं. तिनं पंधरा वर्षं थोरल्या भावावर डूख धरला होता. नवऱ्याशिवाय कुणाला त्याचा वाससुद्धा लागू दिला नव्हता.

तिचे बाबा स्वतःची गाडी भाड्यानं चालवायचे. लांब नाकाची, गोल मडगार्डांची जुनी मोठी गाडी, सहा सिलिंडरची. सकाळी ती सुरू झाली की शिवणयंत्र चालल्यासारखा सलग, मऊ आवाज यायचा. बाबा लहानग्या धाकटीला बॉनेटपाशी उभं करायचे आणि विचारायचे, "ऐक, सहाही बोलतायत का?" ती डोळे मिटून ऐकायची आणि एखादा गप्प असेल तर सांगायची. थोरल्याला, म्हणजे दादाला, हे कधी जमलं नाही. तो बाबांच्या रंगाच्या दुकानात बसायचा. बाबांनी जाण्याआधी सगळ्यांदेखत सांगितलं, दुकान थोरल्याचं, गाडी धाकटीची. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती.

दादाकडेही तशीच एक गाडी होती. त्याच कारखान्याची, त्याच रंगाची. हौसेनं घेतलेली, पण इंजिनाचा ब्लॉक तडकल्यामुळं गोदामात झाकून ठेवलेली. बाबांची गाडीही त्याच गोदामात गेली. "कागदपत्रं होऊ देत, मग ने," असं तो म्हणत राहिला. आठ महिन्यांनी, धाकटीचं लग्न झाल्यावर, त्यानं गाडी तिच्या दारात आणून लावली. किल्ली देताना पाठीवर थोपटलं.

"वय झालं गं तिचं. दम उरला नाही आता. जपून चालव."

आवाज वेगळा येतोय हे तिला पहिल्याच दिवशी कळलं. पण बाबा नसलेल्या घरात सगळंच वेगळं वाटत होतं. शिवाय दादा सांगतोय म्हटल्यावर कोण बॉनेटमध्ये डोकं घालणार?

पुढच्या वर्षी दादानं टेकडीवर नवं घर बांधलं आणि सगळ्यांना जेवायला बोलावलं. धाकटी नवऱ्याला, सासूला, सासऱ्यांना घेऊन निघाली. निम्म्या चढावर गाडी रडायला लागली. पहिला गिअर टाकला, क्लच जळाल्याचा वास आला आणि ती उभी राहिली. मग मागं सरकायला लागली. नवऱ्यानं उडी मारून चाकामागं दगड लावला म्हणून बरं. वर गॅलरीत पाहुणे हातात पेले घेऊन बघत होते. दादा सावकाश उतरत खाली आला.

"उतरा सगळे," तो मोठ्यानं म्हणाला. "माझ्या बहिणीच्या गाडीत बसायचं ते चालायची तयारी ठेवूनच."

गुडघे धरून सासू चढ चढली. दादाची गाडी दारातच उभी होती, नुकतीच चालती झालेली, आरशासारखी पुसलेली. तिच्या बॉनेटवर हात ठेवून तो पाहुण्यांना म्हणाला, "गाडी तीच, बरं का. पण बायकांच्या हातात दिली की तिचं असं होतं." सगळे हसले. धाकटीही हसली. भावाचं बोलणं तिनं पुढं कधीतरी माफ केलं असतं, पण आपलं ते हसणं तिनं स्वतःला कधीच माफ केलं नाही.

त्या दिवसापासून नातेवाइकांत तिच्या गाडीचं नाव ढकलगाडी पडलं. कुठंही लग्नकार्य असलं की कुणीतरी विचारायचंच, "ढकलगाडी आणलीस की बसनं आलीस?"

पुढं ती बस डेपोच्या स्टोअरमध्ये कारकून म्हणून लागली. स्टोअरला लागूनच इंजिन विभाग होता आणि तिथं एक जुने हेडमिस्त्री होते, बोलायला तिखट, पण हाताचे जादूगार. गाडी मिळून सात वर्षं झाल्यावर एका दुपारी तिनं त्यांना सहज म्हटलं, "जरा माझ्या गाडीकडं बघाल का? चढत नाही." त्यांनी बॉनेट उचललं, कमरेवर हात ठेवला आणि आत वाकून बघितलं.

"बाई, हे इंजिन या गाडीचं नाही."

"म्हणजे?"

"हे चार सिलिंडरचं आहे. पाव पोचवायच्या व्हॅनमध्ये असतं तसलं. पुढं बघा किती जागा मोकळी पडलीय, पाळणा बांधता येईल. या एवढ्या धुडाला हे इंजिन म्हणजे बैलगाडीला बोकड जुंपल्यासारखं झालं. कुणी बदललं?"

तिनं बॉनेट खाली ओढलं. घरी जाऊन बाबांच्या नावाचं गाडीचं नोंदणीपुस्तक काढलं. त्यात इंजिनाचा नंबर होता. तो तिच्या गाडीतल्या इंजिनावर नव्हता.

तिचा नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा. सगळं गाव त्याला मास्तर म्हणायचं. भिडस्त माणूस, पण डोळा पक्का. पुढच्या महिन्यात मैदानात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं आणि दादाची गाडी मधोमध उभी होती, बॉनेट उघडं, शेजारी पाटी: 'वडिलांच्या स्मरणार्थ'. मास्तर चित्रवही घेऊन तिच्यासमोर स्टुलावर बसले. दादा खूश झाला. मेहुण्यानं चित्र नीट काढावं म्हणून त्यानं स्वतः फडकं मारून इंजिन चकचकीत केलं, वर सरबत मागवलं. मास्तरांनी तास-दीड तास चित्र काढलं, आणि ब्लॉकवर ठोकलेला नंबर बॉनेटखाली वाकून बघून पानाच्या कोपऱ्यात अगदी सुवाच्य अक्षरांत उतरवून घेतला. घरी आल्यावर दोघांनी वही आणि पुस्तक शेजारी शेजारी ठेवलं. एकही आकडा वेगळा नव्हता.

"उद्या जाऊन सरळ विचारू," मास्तर म्हणाले.

"विचारलं की तो म्हणणार, बाबांनीच दिलं. आई मान डोलावणार. आणि मी रडकी ठरणार."

"मग पोलिसांत?"

"नाही. त्याच्याच तोंडून बाहेर यायला हवं. चार लोकांत. त्या दिवशी गॅलरीत होते ना, तसल्या लोकांत."

हे कसं होणार ते तिला त्या वेळी ठाऊक नव्हतं. पण भाऊ ठाऊक होता. लहानपणी कॅरममध्ये हरायला लागला की दादा सोंगटी हातात धरून म्हणायचा, "थांबा, नियम काय आहे? नियम वाचा." खोक्याच्या झाकणावर छापलेले नियम तो सगळ्यांना मोठ्यानं वाचायला लावायचा. हरणं त्याला गिळताच यायचं नाही. धाकटीनं ठरवलं, आधी त्याला हरवायचं. पुढचं तो आपण होऊन करील.

त्यासाठी आधी तिला शिकावं लागलं. ती फिटरच्या वर्गाला जायला लागली. वर्गात ती एकटीच बाई होती, आणि एकटीच अशी की जिला शिकून नोकरी नको होती, भावाचं नाक कापायचं होतं. नोकरीही मिळाली. हेडमिस्त्रींनी तिला स्टोअरमधून उचलून इंजिन विभागात घेतलं. तिथं ती बसची इंजिनं खोलायला शिकली, जोडायला शिकली, आणि लहानपणीचं ते डोळे मिटून ऐकणं तिथं कामाला आलं. दहा वर्षांत अशी वेळ आली की खुद्द हेडमिस्त्री तिला हाक मारून म्हणायचे, "बाई, जरा ऐकून सांगा, कुठला बोलत नाहीये."

दरम्यान दादाचं बरं चाललं होतं. जुन्या गाड्यांचा क्लब निघाला होता. दरवर्षी नदीवरच्या पुलापासून टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत गाड्या चढवायची शर्यत व्हायची. सगळ्यात वेगवान गाडीला एक कप आणि कारखान्यातून आली तशीच राखलेल्या गाडीला दुसरा. सात वर्षं दोन्ही कप दादाच्या कपाटात जात होते. पेपरात फोटो यायचा. धाकटी तो कापून गॅरेजच्या भिंतीला चिकटवायची. मास्तरांना ते आवडायचं नाही.

इंजिन शोधायला तिला दोन वर्षं लागली. शेवटी मोडीत काढलेल्या एका अँब्युलन्सचं सापडलं. सहा सिलिंडर, पेट्रोलचं, जुन्या इंजिनापेक्षा दीडपट ताकदीचं. धावपळीत वाढलेलं, पण ब्लॉक निरोगी. पुढची तीन वर्षं सगळे रविवार त्यात गेले.

इंजिन बदलायचं म्हणजे जुनं काढलं आणि नवं ठेवलं, एवढ्यावर भागत नाही. हे बसतं तर ते अडतं. दर वेळी सहा मण लोखंड साखळीनं उचलून बघायला नको म्हणून मास्तरांनी पुठ्ठ्याचं आणि प्लायवुडचं हुबेहूब इंजिन बनवलं, खऱ्या मापाचं, आतून पोकळ. ते दोघंजण उचलून आत ठेवायचे आणि बघायचे. त्यातून कळलं की इंजिनाखालचा तेलाचा डबा गाडीच्या आडव्या दांड्यावर बसतोय. मग धाकटीनं तो डबा कापून मागच्या बाजूला खोल केला. स्टिअरिंगचा दांडा एक्झॉस्टला घासत होता, तो पाइप तिनं वळवून घेतला. गिअरबॉक्स अँब्युलन्सचाच घेतला, म्हणून मधला फिरता दांडा आखूड करावा लागला. रेडिएटर मोठा घातला. पुढच्या चाकांना नवे ब्रेक लावले, कारण जी गाडी पळणार ती थांबायलाही हवी. रीतसर तपासणी करून नव्या इंजिनाची नोंद पुस्तकात जुन्या नंबराखाली करून घेतली. कागदात तिला एक टाचणीभर भोक नको होतं.

एकेक बोल्ट आवळताना ती काय विचार करत होती, असं मास्तरांनी एकदा विचारलं. ती म्हणाली, "दादाचा गळा." आणि पाना अजून अर्धा वेढा फिरवला. मास्तर हसले. ती हसत नव्हती.

शर्यतीच्या दिवशी ती सेहेचाळीस वर्षांची होती. अर्जात इंजिनाच्या रकान्यात तिनं स्वच्छ लिहिलं होतं: बदललेलं. वेगाच्या कपाला इंजिन कुठलंही चालत होतं. क्लबचे सेक्रेटरी एक निवृत्त दातांचे डॉक्टर होते, फार नियमाचे. त्यांनी अर्ज दोनदा वाचून सही केली. तिचा क्रमांक दादाच्या पाठोपाठ लागला. गाड्या एकेक मिनिटाच्या अंतरानं सोडायच्या होत्या.

दादा तिच्या खिडकीशी आला. "धाकटे, ढकलगाडी घेऊन आलीस? चाकामागं दगड लावायला माणूस आहे ना?"

"नाही लागणार," ती म्हणाली.

दादा सुटला. मिनिटानं ती सुटली. पहिली दोन वळणं तिनं हात राखूनच घेतली. तिसऱ्या वळणानंतर पाय दाबला आणि गाडीनं अशी उसळी घेतली की तिची पाठ सीटला चिकटली. चौथ्या वळणावर तिला दादाच्या गाडीचा मागचा भाग दिसला. बाबांच्या इंजिनाचा आवाज खिडकीतून आत येत होता. सहाही बोलत होते. दादा बाजू देईना. ती त्याच्या मागं चिकटून राहिली, आरशात त्याला आपलं तोंड नीट दिसेल इतकी जवळ. टाकीच्या अलीकडं सरळ रस्ता लागला तेव्हा तिनं गिअर बदलला आणि बाजूनं निघून गेली. त्याच्याकडं बघितलंही नाही.

वर पोचल्यावर डॉक्टरांनी घड्याळ दाखवलं. दादापेक्षा सव्वा मिनिटानं कमी. लोक टाळ्या वाजवत होते तोवर दादा आला, दार आपटून उतरला आणि थेट टेबलापाशी गेला. धाकटीनं मास्तरांकडं बघितलं. कॅरमची सोंगटी हातात आली होती.

"माझी हरकत आहे," दादा म्हणाला. "नियम काय आहे? नियम वाचा."

डॉक्टरांनी चष्मा लावून वाचला. "इंजिन बदललेलं चालतं. ताईंनी अर्जात तसं लिहिलंय."

"ही आमच्या वडिलांची गाडी आहे," दादाचा आवाज चढला. "हिनं त्यात कुठल्या तरी भंगारातलं इंजिन घुसवलंय. बाबांचं मूळ इंजिन हिनं काढून टाकलं. ते कुठं घालवलं ते विचारा हिला, सगळ्यांसमोर."

पन्नास-साठ माणसं जमली होती. धाकटी याच वाक्यासाठी पंधरा वर्षं थांबली होती. तिनं पिशवीतून बाबांचं नोंदणीपुस्तक काढून डॉक्टरांच्या हातात दिलं.

"मलाही तेच विचारायचंय. बाबांच्या इंजिनाचा नंबर यात आहे. इथल्या गाड्यांवरचे नंबर बघा. पहिल्यांदा दादाच्या गाडीवरचा बघा."

दादाचा चेहरा तिनं तेव्हा पाहिला. तो नंतर कित्येक दिवस ती मनातल्या मनात काढून बघायची, एखादा दागिना काढून बघावा तसा. तो म्हणाला, "त्याची काय गरज आहे?" पण डॉक्टर नियमाचे. हरकत तुम्हीच घेतलीय म्हणाले. ब्लॉकवरचा नंबर अडचणीत होता, म्हणून त्यांनी खिशातून दाढा बघायचा आपला छोटा आरसा काढला, वाकले आणि एकेक आकडा मोठ्यानं वाचला. क्लबच्या दुसऱ्या माणसानं पुस्तकातला वाचला. दोन्हीकडून तेच आकडे येत होते. चौथ्या आकड्यापासून लोक पुढं सरकून ऐकायला लागले.

"हे बाबांनीच मला…" दादानं सुरुवात केली.

"आत्ता म्हणालास ना, बाबांचं इंजिन मी काढून टाकलं?" धाकटी म्हणाली. आवाज तिनं अजिबात चढवला नाही. "मग ते तुझ्या गाडीत चालत आलं का?"

कुणीतरी हसलं. मग आणखी दोघं-तिघं हसले. त्या दिवशी गॅलरीत होते त्यातलेही होते. दादाच्या गाडीच्या पुस्तकात अर्थातच वेगळा नंबर होता, त्यामुळं सात वर्षांचे मूळ रूपाचे कप क्लबनं परत मागवले.

निघताना तो तिच्याजवळ येऊन हळू म्हणाला, "आईकडं तरी बघायचं होतंस."

"इंजिन हवंय," ती म्हणाली. "रविवारी माझ्याकडं ये आणि स्वतःच्या हातानं काढून दे. मिस्त्री आणायचा नाही. तेव्हाही स्वतःच काढलं असशील ना?"

तो आला. न येऊन सांगणार काय होता लोकांना? सकाळी आठ ते दुपारी तीन तो तिच्या अंगणात वाकून होता. तिनं त्याला पाने दिले, साखळी दिली, सल्ला एकही दिला नाही. कुठला बोल्ट आधी काढायचा हे विसरून तो तीन वेळा अडला. बोटांची सालटी निघाली. ती खुर्ची टाकून समोर बसली आणि सबंध वेळ बघत राहिली. मास्तरांना ते बघवेना, ते घरात जाऊन बसले. इंजिन निघालं तशी दादाच्या गाडीच्या पुढच्या स्प्रिंगा सैल पडल्या आणि नाक वर करून ती रिकामी गाडी टेम्पोवर चढली. त्या दिवसाबद्दल आजही विचारलं तर धाकटी आडपडदा ठेवत नाही. "मजा आली," म्हणते.

महिन्याभरानं आई आली. एकोणऐंशी वर्षांची, दादाकडं राहणारी. तिनं इंजिन बघायला मागितलं. धाकटीनं ताडपत्री बाजूला केली. आई त्या थंड लोखंडावर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "काढलं तेव्हा मी तिथं होते. गोदामात उजेड नव्हता. बॅटरी मीच धरली होती."

धाकटीला आधी नीट ऐकूच आलं नाही.

"तो म्हणाला, तिला कुठं डोंगर चढायचेत, सासरी तर जायचंय. मला ते पटलं."

"आणि मी चढावर अडकले तेव्हा?"

"गॅलरीत होते."

"हसलीस?"

आईनं लोखंडावरचा हात काढून घेतला. "हसले," ती म्हणाली.

भावाला काय करायचं हे धाकटीनं पंधरा वर्षं घोटलं होतं. आईला काय करायचं याचा तिनं कधी विचारच केला नव्हता, आणि आता एकोणऐंशी वर्षांच्या बाईला करणार तरी काय? तिनं ताडपत्री पुन्हा ओढली. चहा केला. दोघींनी तो प्यायला. मग तिनं आईला रिक्षा बोलावून दिली. अंगणात मोठी गाडी उभी होती, तेल पाणी भरलेली, पण त्या दिवशी तिनं आईला तिच्यातून सोडलं नाही, आणि पुढंही कधी नाही. आई दर गुरुवारी येत राहिली. गुडघ्यांचं बोलायची, शेजारपाजारचं बोलायची. जायची वेळ झाली की धाकटी उठून रिक्षा बघायची. आईनं कधी विचारलं नाही, का.

भावाबहिणीचं बोलणं बंद आहे. दादानं तो रिकामा सांगाडा कुणाला तरी देऊन टाकला. नोकरी संपल्यावर धाकटीनं अंगणातच शेड टाकली. लांबलांबून लोक दमात कमी पडणाऱ्या जुन्या गाड्या घेऊन येतात, आणि मास्तर अजून पुठ्ठ्याची इंजिनं बनवतात. बाबांचं इंजिन तिनं पूर्ण खोलून, साफ करून, तेल भरून ठेवलंय. जाम होऊ नये म्हणून महिन्यातून एकदा ती ते हातानं फिरवते. मध्ये दादानं एका नातेवाइकाकरवी निरोप पाठवला की इंजिन नुसतं पडून असेल तर त्याच्या मुलाला हवंय. तिनं निरोप्याला चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं.

तो गेल्यावर मास्तर म्हणाले, "आता पुरे झालं ना गं?"

"बघू," ती म्हणाली, आणि कामाला लागली.